व्हर्ना टोल्लेफसनची सही

टिडवेलच्या कोर्टाच्या इमारतीत व्हर्ना टोल्लेफसनला ओळखत नाही असा माणूस नाही. तळमजल्यावर जिन्याच्या डाव्या हाताला तिचं कॉफीचं दुकान आहे आणि अकरा वर्षं ती ते एकटी चालवते. दिसत तिला काहीच नाही. विशीत हळूहळू दिसायचं बंद झालं ते झालंच. पण न्यायाधीशबाई आज चिडलेल्या आहेत हे त्यांच्या टाचांवरून शिपायाच्या आधी व्हर्नाला कळतं. कोण काळी कॉफी पितो, कोण बायकोपासून लपवून दालचिनीचा रोल खातो, सगळं तिच्या डोक्यात पक्कं आहे. जीभही तिखट. एकदा एका नव्या वकिलाने तिच्यासमोरच शेजारच्याला विचारलं, यांना एकटीला जमतं का हे सगळं? "यांना जमतं," ती म्हणाली, "आणि यांचे कान शाबूत आहेत." तो वकील अजून तिच्याकडे खालच्या मानेनेच कॉफी मागतो.

अशी ही बाई घरी मात्र नवऱ्याच्या हातून मत देत होती, आणि त्यात काही वावगं आहे असं सव्वीस वर्षं ना तिला वाटलं, ना गावात कुणाला.

आमच्या ऑरेगॉन राज्यात मत द्यायला कुठे जावं लागत नाही. मतपत्रिका टपालाने घरी येते. गोल काळे करायचे, कागद लिफाफ्यात घालायचा, लिफाफ्यावर सही करायची आणि परत धाडायचा. टोल्लेफसनांच्या घरी हा एक छोटा सणच असे. ऑर्विल, म्हणजे तिचा नवरा, लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवून निवृत्त झालेला मोठ्या आवाजाचा माणूस. तो जेवणाच्या टेबलावर दोन्ही मतपत्रिका पसरायचा, व्हर्ना सफरचंदाचा केक कापायची. तो नावं वाचायचा, ती सांगायची, तो गोल काळा करायचा. सात-आठ नावं झाली की तो म्हणायचा, "संपलं. बाकी सूचना आहेत." मग लिफाफ्यावरच्या सह्याही तोच ठोकायचा. पहिल्या वर्षी व्हर्नाने स्वतः केली होती, ती रेषेवरून घसरून पार कोपऱ्यात गेली. "अगं, लिफाफा फुकट जाईल, दे इकडे," असं म्हणून त्याने जी लेखणी हातात घेतली ती सोडलीच नाही. मतदार म्हणून नाव नोंदवतानाही खिडकीशी रांग होती म्हणून त्यानेच सही केली होती. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर तो दोघांची नावं लिहायचा, तसंच हे. कुणाला गुन्हा वगैरे वाटावं असं त्यात काही नव्हतं.

गेल्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर ऑर्विलच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन आठवडे वाचायला बंदी केली. एक डोळा पट्टीखाली, दुसरा तसाही कामातून गेलेला. या वेळी राहू दे मतदान, आभाळ कोसळत नाही, असं त्याने जाहीर केलं. व्हर्नाने दुसऱ्या दिवशी हे सगळं दुकानात हसत हसत सांगितलं. समोर डार्लीन उभी होती. दोन मजले वर निवडणूक कचेरीत काम करणारी ही बाई रोज दहाला कॉफी न्यायला येते.

"अगं, मग संगणकावर का नाही घेत?" डार्लीन म्हणाली. "ज्यांना छापील कागद वाचता येत नाही त्यांना आम्ही मतपत्रिका संगणकावर पाठवतो. तुझं ते वाचणारं यंत्र वाचून दाखवेल, तू निवडायचं, छापायचं, सही करून पाठवायचं. कितीतरी वर्षं आहे ही सोय."

"आणि मला आज सांगतेस?"

"तू दर वेळी मत देतेस म्हणून वाटलं, तुझं काहीतरी लागलेलंच आहे."

म्हणजे पाहा. ज्या सोयीची जिला सगळ्यात जास्त गरज, तिच्या डोक्यावर दोन मजल्यांवर ती सोय वर्षानुवर्षं होती, आणि रोज कॉफी नेणाऱ्या बाईलाही ती सांगावीशी वाटली नाही. डार्लीन वाईट नाही हो. कुणीच वाईट नसतं, इथेच तर सगळा घोटाळा आहे.

रविवारी दुपारी व्हर्ना संगणकाशी बसली. तिच्या संगणकातल्या आवाजाचं नाव तिने मिल्ड्रेड ठेवलंय. मिल्ड्रेड इतक्या भरभर बोलते की दुसऱ्याला फक्त पोपट चिडल्यासारखं ऐकू येतं. ऑर्विल पलीकडे आरामखुर्चीत पट्टी बांधून पडला होता. व्हर्नाने कानात इअरफोन घातले.

आठवी जागा झाली तेव्हा तिने सवयीने हात बाजूला घेतला. मिल्ड्रेड बोलतच राहिली. नववी, दहावी. शाळा मंडळ, अग्निशमन दल, पाणीपुरवठा, एकेक न्यायाधीश. व्हर्नाला वाटलं, यंत्र अडकलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचतंय. तिने मागे जाऊन पाहिलं. पुन्हा वाचत नव्हतं. सगळी नावं नवी होती. रोज जिला ती दोन चमचे साखरेची कॉफी देते ती न्यायाधीशबाईसुद्धा त्यात होती, आणि ती निवडून येते हेच व्हर्नाला माहीत नव्हतं. एकूण सव्वीस.

मग शेवटून दुसरा प्रश्न आला. शनिवारची बस पुन्हा सुरू करण्यासाठी कर द्यावा की नाही. खाली खुलासा होता, आणि मिल्ड्रेडने तो नेहमीच्या कोरड्या आवाजात वाचला: बस चालू ठेवण्यासाठी हाच कर दोन वर्षांपूर्वी टिडवेलसह चार गावांतल्या मतदारांपुढे आला होता आणि एकोणीस मतांनी पडला होता.

टिडवेलसह. व्हर्नाने ते वाक्य चार वेळा ऐकलं.

शनिवारची बस म्हणजे व्हर्नाचं पोहणं. नदीपलीकडच्या हॅल्सेथ गावात बंदिस्त तलाव आहे. दर शनिवारी ती बसने एकटी जायची, दोरीला धरून असलेल्या पट्ट्यात तासभर पोहायची. त्या एका तासात तिच्या कोपराला कुणाचा हात नसायचा. बस बंद झाली आणि ते संपलं. मी नेईन की, असं ऑर्विल म्हणाला होता, पण शनिवारी त्याचं मासे पकडणं असतं. बस कुणी बंद केली असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की ते हॅल्सेथवाल्यांचं मतदान, आपल्याकडे आलंच नव्हतं. तेव्हापासून दोन वर्षं ही बाई दुकानात बसून हॅल्सेथवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होती. कंजूस, कोत्या मनाचे, काय काय म्हणाली. आता तिला आठवलं की अशा वेळी दुकानात लोक गप्प व्हायचे. तिला वाटायचं, पटतंय सगळ्यांना.

तिने इअरफोन काढले.

"ऑर्विल, मतपत्रिकेवर किती गोष्टी असतात?"

"सात-आठ."

"मिल्ड्रेड सव्वीस म्हणतेय."

खुर्ची करकरली.

"महत्त्वाच्या तेवढ्या मी वाचायचो," तो म्हणाला. "बाकी किरकोळ असतं गं. कंटाळली असतीस."

"मग त्या किरकोळचे गोल?"

"माझ्यासारखेच तुझे करायचो."

"बसचाही?"

यावर त्याने जे सांगितलं ते तो अगदी शांतपणे, समजावल्यासारखं बोलला. कराचा बोजा आधीच मानेवर, एका घरातली दोन मतं एकमेकांना खाणार, मग दिलं काय न दिलं काय. "तुझं मत फुकट जाऊ नये म्हणून केलं मी," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच तसं वाटत होतं.

व्हर्नाला रडू आलं नाही. रागही लगेच आला नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं तिचं झालं. तिचं पोहणं तिच्याच मताने बंद पडलं होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, ओट्याला धरून उभी राहिली, आणि किती उभी होती हे तिचं तिलाच कळलं नाही.

मग परत येऊन तिने सव्वीसच्या सव्वीस जागा स्वतः भरल्या. पाऊण तास लागला. पानं छापली, ती कोरी तर नाहीत ना हे फोनकडून वाचून घेतलं, सही करायची खाच असलेली पट्टी लिफाफ्यावर धरली आणि सव्वीस वर्षांनी आपलं नाव स्वतः लिहिलं. ऑर्विलने मदत विचारली. तिने नको म्हटलं. टपालपेटीपर्यंतही ती काठी टेकत एकटीच गेली.

मतदान मंगळवारी संपलं. बसचा निकाल लटकलेला होता, दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत. गुरुवारी निवडणूक कचेरीचं पत्र आलं. छापील. वाचता येत नाही म्हणून जिला वेगळी मतपत्रिका दिली, तिलाच कळवायला छापील पत्र. यावर काय बोलावं? ऑर्विलची पट्टी निघाली होती. त्याने पत्र उघडलं.

"सगळं वाच," व्हर्ना म्हणाली. "शेवटच्या ओळीपर्यंत."

त्याने वाचलं. लिफाफ्यावरची सही कचेरीतल्या नोंदीतल्या सहीशी जुळत नसल्यामुळे आपलं मत मोजलेलं नाही. मुदतीत येऊन खुलासा करावा. वाचता वाचता त्याचा मोठा आवाज बारीक होत गेला आणि शेवटची ओळ तर ऐकू येईनाशी झाली.

आता यावर हसावं की कपाळ बडवावं? सव्वीस वर्षं दुसऱ्याने दिलेली मतं बिनबोभाट मोजली गेली. तिने स्वतः दिलेलं पहिलं मत तेवढं खोटं ठरलं.

शुक्रवारी दोनला दुकान बंद करून ती दोन मजले चढून वर गेली. डार्लीनने खुर्ची दिली, जुने लिफाफे काढले.

"आश्चर्यच आहे बाई," ती म्हणाली. "तुझी सही किती वळणदार. आम्ही दर वेळी एकमेकींना दाखवायचो. दिसत नसताना कसं जमतं हिला, असं म्हणायचो."

एवढ्या वर्षांचं कौतुक, तेही तिच्या वाटचं नव्हतं. एक वाक्य बोललं असतं तर ऑर्विल गोत्यात आला असता. ते वाक्य जिभेच्या टोकाशी आलं, आणि तिने ते गिळलं. ते गिळताना तिला स्वतःचाही राग आला, हेही सांगायला हवं.

"सहीच्या नोंदीचं कार्ड दे," ती म्हणाली. "यापुढे ही सही धरा."

तिने पट्टी धरून सही केली. वेडीवाकडी, शेवटचं अक्षर वर उडालेलं. डार्लीनने शिक्का मारला, मत आज मोजणीला जाईल असं सांगितलं. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती काहीच बोलली नाही, आणि ती न बोलल्यामुळे तिला कळलंय हे व्हर्नाला कळलं.

खाली नेहमीच्या जागी ऑर्विलची पिकअप गाडी उभी होती. त्याने आतून दार उघडलं. व्हर्ना चढली नाही.

"मोजणार?"

"मोजणार. आता तिथे माझी सही आहे. तुझी चालायची नाही."

त्याने इंजिन बंद केलं. मग त्याने, बसबद्दल पहिल्यांदाच, तिला विचारलं.

"बसला काय दिलंस?"

"ते गुप्त असतं, ऑर्विल," व्हर्ना म्हणाली. तिने दार लोटलं, काठी उघडली. "तू हो पुढे. तीन दहाची बस आहे. आज शुक्रवार, आज असते."