गणपतीनंतर करू म्हटलेलं ऑपरेशन

कंबरदुखीच्या त्या दोन वर्षांत मी शिंकेला घाबरायला शिकलो. शिंक येतेय असं वाटलं की आधी धरायला खांब शोधायचा. आवडी नावाच्या गावातल्या आमच्या कारखान्यात खांबांना तोटा नव्हता, म्हणून वाचलो. डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ घोट्यापर्यंत जायची आणि तिथे मुक्काम ठोकायची. बुटाची नाडी बायको बांधायची.

शेवटी अड्यारच्या एका डॉक्टरांना दाखवलं. बायको बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टर म्हणाले, "अंगठे वर उचला." उजव्याने कडक सलाम ठोकला. डावा पडून राहिला.

"मणक्यातली गादी सरकून नस दबलीय. याच आठवड्यात ऑपरेशन करा. उशीर केलात तर ऑपरेशनने दुखणं जाईल, पण पायातली ताकद परत येईलच असं नाही."

आमच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक बारा दिवसांवर होतं. त्यात निवृत्त सुभेदाराची भूमिका माझी, पहिल्या प्रवेशापासून शेवटच्यापर्यंत मीच. या तमिळ शहरात आम्हा मराठी नोकरदारांना वर्षातून एकदा टाळ्या मिळतात. बाहेर येऊन मी बायकोला म्हटलं, "घाई नाही म्हणतात. गणपती झाल्यावर करू."

पाऊल एव्हाना फटफट आपटायला लागलं होतं. दिग्दर्शकाला मी ऐटीत सांगितलं, "सुभेदार लंगडा दाखवतोय. भूमिकेचा अभ्यास!" प्रयोग असा रंगला की काय सांगू! तंजावरकडचे एक म्हातारे मराठी मास्तर पडद्यामागे येऊन म्हणाले, "शाब्बास हो! लंगडणं अगदी अस्सल." मी कमरेत वाकून नमस्कार करायला गेलो आणि तसाच अडकलो. दोघांनी धरून सरळ केलं. त्यालाही लोक हसले.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर कळ गायब! आनंदाने मी अख्ख्या वॉर्डाला सुभेदाराचे संवाद ऐकवले, तेही आडवा पडून. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. "अंगठा?" डावा तसाच. त्यांनी चादर पुन्हा पायावर ओढली. "सहा महिने व्यायाम करा. बघू."

मग कमरेला पट्टा, वाकायचं नाही, कूस बदलायची ती ओंडक्यासारखी. बायको रोज सकाळी पायाशी बसून विचारायची, "आज?"

"किंचित हलला बघ," मी म्हणायचो. तिचा चेहरा असा उजळायचा की दुसऱ्या दिवशी मी आणखी थोडा हलवायचो. तोंडाने.

सातव्या महिन्यात आम्ही टी. नगरच्या बाजारात गेलो, भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला. गर्दीत मी सुभेदाराचाच एक किस्सा रंगवून सांगत होतो. मागून एक फुलवाली तमिळमध्ये ओरडली, "सार! चेरुप्पु!" साहेब, चप्पल! वळून पाहिलं तर माझी डावी चप्पल वीस पावलं मागे, रस्त्यात पडलेली. मी एका पायाने अनवाणी चालत होतो आणि मला पत्ता नव्हता.

बायकोने ती आणली. खाली बसून माझ्या पायात घातली. मग बोटाने अंगठा दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हा हलतच नाही."

"नाही."

"मग रोज सांगत होतात ते?"

मी समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागलो.

"डॉक्टर तर घाई नाही म्हणाले होते ना?"

तेव्हा, साड्यांच्या पिशव्यांचे धक्के खात, ते खरं काय म्हणाले होते ते मी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. नाटकाचं नावसुद्धा काढलं नाही. उठली आणि बसस्टॉपकडे चालू लागली. ऑपरेशनपासून ती माझ्यासाठी हळू चालायची. आज तिच्या नेहमीच्या चालीने गेली.