अण्णांचा संशय

अण्णा गेल्याचं शेजारच्या शिंप्याने सांगितलं, तेव्हा पहिला विचार आला तो खात्री करून घेण्याचा. ही सवय त्यांचीच... महिना होऊन गेला आता.

घाटकोपरला त्यांचं बंदूक-दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. मी सांगोल्याकडचा, घरातला पहिला पदवीधर. त्यांनी मला कामावर घेतलं, दोन वर्षं घरी जेवू घातलं. हाक मात्र "बीएस्सी". संशय घ्यायचा तर एका वेळी एकाचाच, हे मी कॉलेजात नव्हे, त्यांच्याकडे शिकलो.

जोगेश्वरीच्या एका गृहस्थांचं आजोबांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर आलं होतं. फिरत्या चक्रातल्या सहाही घरांत बंदुकीची काळी दारू आणि शिशाची गोळी हाताने भरायची, तसलं. दुरुस्तीनंतर मालकांसमोर चालवलं, तर अण्णांच्या आणि माझ्याही हातून गोळी नेमाच्या खाली जाऊ लागली. मालक तोंडावर म्हणाले, "नळी बदललीत तुम्ही." चाळीस वर्षांचं नाव पणाला लागलं. अण्णांनी आधी दारूवर संशय घेतला, मग गोळ्यांवर, मग एकेका घरावर, शेवटी माझ्यावर.

मुलुंडच्या बंद दगडखाणीत, रीतसर परवानगी काढून, आम्ही ते तपासत होतो. एकदा त्यांनी मला न सांगता एक घर रिकामं ठेवलं. मी चाप ओढला, नुसतं टक् झालं... आणि नळीचं तोंड खाली झुकलं.

"धक्का यायच्या आधीच घाबरतोस, बीएस्सी. आता तू भर, मी मारतो. रिकामं कुठलं ते सांगू नकोस."

रिकाम्या घराला त्यांची नळी माझ्याहून जास्त झुकली.

"हललं का रे?"

ज्यांच्या घरी जेवलो त्यांना, तुम्ही थकलात, हे कसं सांगायचं... "नाही अण्णा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलो, तर रिव्हॉल्व्हर शिकंज्यात आवळलेलं आणि अण्णांच्या हातात कानस. नेम धरायची पुढची माशी ते घासून कमी करणार होते, म्हणजे गोळी वर लागेल. घासलेली माशी पुन्हा वाढत नाही. चोख वस्तू आमच्याच हातून बिघडली असती.

"अण्णा, काल हललं होतं."

त्यांनी कानस खाली ठेवली. "बरं," एवढंच म्हणाले. मग मालकांना खाणीत नेऊन रिव्हॉल्व्हर लाकडी टेकूवर धरून चालवून दाखवलं. गोळ्या नेमावर लागल्या. "हात माझाच गेलाय," हेही त्यांनीच सांगितलं. त्यानंतर दुकानातली प्रत्येक चाचणी टेकू लावून मीच करू लागलो.

अण्णांनी मुद्दाम कानस उचलून माझी परीक्षा पाहिली, असं मी आजवर चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. परवा अण्णांच्या पत्नीला, काकूंनाही सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"परीक्षा कसली रे? त्या दिवशी सकाळी निघताना म्हणाले होते, तो नाही म्हणाला म्हणजे हात हललेला नाही, आज माशी घासतो. मी म्हटलं, परत एकदा बघा. तर म्हणाले, त्याचं काय पडताळायचं?"

सगळ्यांवर संशय घेणाऱ्या अण्णांनी न तपासता एकच गोष्ट खरी धरली होती... ती मी सांगितलेली होती, आणि खोटी होती.