चाटूनपुसून आलेला डबा

दवाखान्यातून हे घरी आले, त्याच्या पुढच्या आठवड्यात एक मुलगी वजनाचा काटा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आमच्या गौलीगुडा मोहल्ल्यातल्या जिन्यावर अनोळखी माणूस चढलं की खालची शेजारीण आधी दहा प्रश्न विचारते. त्या दिवशी तिनंही काही न विचारता हिला वर सोडलं. मुलगी दवाखान्याकडूनच आली होती. घरची तेलुगू, बोलायची हैदराबादी हिंदी. ज्यांचं हृदय कमजोर झालं आहे त्यांना आपला आजार घरच्या घरी सांभाळायला शिकवायचं, असा त्यांचा कार्यक्रम आहे म्हणाली. रोज सकाळी चहाच्या आधी काट्यावर उभं राहायचं. पायावर अंगठा दाबून बघायचं, खळगा राहतो का. पाणी बेतानं प्यायचं, जेवणात मीठ जवळजवळ नाहीच. वजन दोन दिवसांत एकदम वाढलं तर अंगात पाणी साठतं आहे असं समजून लगेच फोन करायचा.

मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहून ऐकत होते. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मनात एकेक येत होतं. काटा फुकट, येणं फुकट, शिकवणं फुकट, हे कशासाठी? आज काटा देतील, उद्या म्हणतील औषधं आमच्याकडूनच घ्या. शिवाय ती सगळं यांच्याकडे बघून बोलत होती. तुमचा आजार, तुम्हीच सांभाळायचा, असं दोनदा म्हणाली. चूल माझ्या हातात, आणि सांभाळणार हे. ज्या माणसाला स्वतःचा चष्मा कुठं ठेवला ते सापडत नाही, तो आजार सांभाळणार.

तरी मी तिचं सगळं मनावर घेतलं, कारण दवाखान्यात जाण्याआधीचे दिवस मी विसरले नव्हते. यांना आडवं होता येत नव्हतं. टेबलावर उशा रचून, त्यावर कपाळ टेकून बसल्या बसल्या झोपायचे, आणि छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज यायचा. पुन्हा असं झालं तर दवाखान्यापर्यंत पोचतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. यांना सांगितलं नव्हतं.

मी मीठ बंद केलं. लोणच्याची बरणी खालच्या शेजारणीकडे ठेवायला दिली, पापड तिलाच देऊन टाकले. घरी जेवताना यांची रोज कुरकुर. भाजीचा घास तोंडात ठेवून म्हणायचे, "ही मला घातलीस की गाईला घालायची होती?" अर्धी भाकरी ताटात तशीच राहायची.

हे बेगम बाजारात एका किराण्याच्या ठोक दुकानात हिशेबाला आहेत. सेठनी बसून करायचं तेवढंच काम ठेवलं होतं, म्हणून जायचे. दुपारचा डबा मी द्यायची. तीच बिनमिठाची भाजी, तीच भाकरी. आणि तो डबा संध्याकाळी चाटूनपुसून परत यायचा. कडेला रस्सासुद्धा लागलेला नसायचा.

घरी जी भाजी घशाखाली उतरत नाही ती दुकानात कशी उतरते? मला वाटलं, डबा कुणा हमालाला देत असतील आणि स्वतः कोपऱ्यावरची मिरची भजी खात असतील. विचारलं तर म्हणाले, "दुकानात भूक लागते." पण त्या वाक्यानं माझा संशय कमी झाला नाही, उलट पक्का झाला.

एक दिवस जिरं आणायचं निमित्त करून मी बेगम बाजारात गेले. यांच्या दुकानासमोर भांड्यांचं दुकान आहे. तिथं पातेल्यांच्या उतरंडीमागे उभी राहून मी झाकणं बघत राहिले. दुकानदारानं "क्या होना अम्मा?" असं दोनदा विचारलं, मी मान हलवली. समोर यांनी डबा उघडला. भजी आली नाही, हमाल आला नाही. यांनी एकदा शर्टाच्या खिशात हात घातला, रुमाल असेल असं मला वाटलं, आणि मग माझीच भाजी माझ्याच भाकरीबरोबर इतकी चवीनं खाल्ली की बघत राहावं. शेवटी बोटानं डबा पुसून घेतला. मला माझीच लाज वाटली. नको असलेलं एक झाकण विकत घेऊन मी घरी आले.

चार दिवस माझं मन स्वच्छ होतं. पाचव्या दिवशी काट्यावर वजन वाढलेलं दिसलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. हे म्हणाले, "काटा बिघडलाय. फुकटचा काटा तो, असाच असणार." मी आधी हेच म्हटलं असतं. पण घरात दहा किलो तांदळाची न फोडलेली पिशवी होती, ती हे बाहेर पडल्यावर काट्यावर ठेवली. काट्यानं बरोबर दहा दाखवले. काटा खोटं बोलत नव्हता.

त्याच सुमाराला यांनी पायात मोजे घालायला सुरुवात केली. भर एप्रिल, पंख्याखाली बसवत नाही, आणि हे घरात मोजे घालून. म्हणाले, टाचांना भेगा पडल्यात. मला माहीत होतं की मोज्यांच्या आत अंगठा दाबला तर खळगा राहणार. आपण काही बोललो तर मोजे काढणार नाहीत, चिडून काट्यावर उभंही राहणार नाहीत, म्हणून मी गप्प बसले; फोनवर परक्याशी बोलायचा धीरही होईना.

मग कपडे धुवायला काढताना यांच्या शर्टाचा खिसा हाताला ओलसर लागला. बाकी शर्ट कोरडा होता. खिसा उलटा केला तर शिवणीत गुलाबीसर कण अडकलेले, आणि एक खडा, सुपारीएवढा, एका बाजूनं झिजलेला. जिभेला लावला. ती चव मी डोळे मिटूनही ओळखली असती. ती माझ्या एकादशीची चव होती.

शेंदेलोण. आमच्या घरी उपासाला साधं मीठ चालत नाही. भगरीत, दाण्याच्या आमटीत शेंदेलोणच पडतं. सासूबाईंनी तसं लावून दिलं, मी तसंच करत आले. यांच्या दुकानात त्याची पोती असतात.

खडा हातात धरून मी मोरीवर बसून राहिले. रागानं भांडायला उठणार होते, पण मलाच नीट कळेना. हे मीठ आहे की नाही? असतं तर उपासाला कसं चालतं? मी चौथीपर्यंत शिकलेली, त्या पुस्तकात असं काही नव्हतं. आणि हा खडा रोज भाजीवर घासणारा माणूस मला फसवतोय, की त्याला खरंच वाटतंय की आपण पथ्य पाळतोय?

दोन दिवसांनी ती मुलगी येणार होती. तोवर मला थांबवेना. दुपारी शेजारणीकडून तिला फोन लावून घेतला, आणि वजन वाढलंय एवढंच कसंबसं बोलले. ती त्याच संध्याकाळी आली.

हे खुर्चीत बसले. नमक तो बिलकुल नहीं, असं छातीवर हात ठेवून तिला सांगत होते. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. दोन कप, आणि मधे वाटीत तो खडा. ट्रे तिच्यापुढे ठेवला आणि पहिल्यांदाच पडद्याआड न जाता तिथंच उभी राहिले.

तिनं वाटीकडे बघितलं, मग यांच्याकडे. "अंकल, ये भी नमकइच है."

हे अजिबात गडबडले नाहीत. हे उपासाचं आहे, तुमचं ते बाजारातलं मीठ वेगळं, असं तिला समजावायला लागले. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

"विचारा हिला. जन्मभर एकादशीला हेच खाते. हे मीठ असेल तर हिचा एकेक उपास मोडला. काय गं, मोडला का?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. हे हसत होते, कारण मी देवाच्या विरुद्ध बोलणार नाही याची यांना खात्री होती. माझ्या डोळ्यांपुढे टेबलावर रचलेल्या त्या उशा आल्या.

"मीठच आहे," मी म्हटलं. "उपासाचं माझं मी बघेन. तुम्ही मोजे काढा."

यांचं हसू गेलं. मग यांनी वाकून एक मोजा काढला, दुसरा मुलीनं काढला. तिनं अंगठा दाबला. खळगा राहिला. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, अंगातलं पाणी काढायची गोळी वाढवून घेतली, आणि उद्या वजन उतरलं नाही तर थेट दवाखान्यात, असं बजावून गेली. वजन उतरलं.

हे माझ्याशी त्यानंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले. पुढच्या एकादशीला मी भगर शिजवली, तेव्हा हे स्वयंपाकघरात आले. झाकण काढून एक घास तोंडात टाकला, माझ्याकडे बघितलं आणि झाकण ठेवलं. भगरीत मीठ नव्हतं, कुठलंच.

डबा आता घरच्या ताटासारखाच परत येतो, थोडी भाजी उरलेली. ते बघून मला बरं वाटतं. आणि धुवायला टाकताना हे प्रत्येक शर्टाचा खिसा स्वतः उलटा करून ठेवतात, मी काही म्हणालेले नसताना. पँटचे खिसे मात्र करत नाहीत. ते मी बघते.