हमीपत्रासह रिव्हॉल्वर

रिव्हॉल्वर घ्यायचं माझ्या डोक्यात आलं ते एका थपडेमुळे.

लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. मी आणि माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, नगर ते पाथर्डी सर्व्हिस मोटार चालवत होतो. मोटार मी हाकायचो, तिकिटं दाजी फाडायचे. पेट्रोल रेशनवर होतं, म्हणून मोटारीच्या मागे कोळशाची टाकी बसवून ती गॅसवर चालवायची. करंजीचा घाट लागला की तिचा दम संपायचा. उतारू खाली उतरून चालायचे आणि रिकामी मोटार कण्हत कण्हत त्यांच्याबरोबर चढायची. अशाच एका दुपारी घाटातल्या वळणावर पाच जणांनी रस्त्यात धोंडे लोटून आम्हांला अडवलं.

चौघांच्या हातांत कुऱ्हाडी होत्या, पाचव्याकडे ठासणीची बंदूक. त्यांनी बायकांना अंगावरचे दागिने काढायला लावले. दाजी त्यांच्या म्होरक्याजवळ उभे राहून, बाजारात गाठ पडल्यासारखे बोलत होते. एक नवी नवरी सासरी निघाली होती, तिचं मंगळसूत्र दाजींनी नुसतं बोलून सोडवलं. "पोरीच्या गळ्यातलं ऱ्हाऊ द्या. बाकी घ्या काय घ्यायचं ते," असं दोन-तीनदा म्हणाले, आणि त्याने खरंच राहू दिलं. मला मात्र गप्प बसवेना. "बायकांच्या अंगाला हात लावाल तर बघा," मी ओरडलो. त्यांच्यातला एक जण शांतपणे पुढे आला आणि सगळ्या उतारूंदेखत त्याने माझ्या कानफटात मारली. परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

पाथर्डीपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. गालापेक्षा ते जास्त झोंबलं.

परवान्यासाठी मी कलेक्टर कचेरीत चार महिने खेटे घातले. पोलिसांचा अहवाल, मामलेदाराचा शेरा, दोन जामीन. दाजींना हे मुळीच पसंत नव्हतं. "तुज्याकडं हत्यार हाय म्हनल्यावर ते आदी मारतील आन् मग बोलतील," ते म्हणाले. मी म्हणालो, "थप्पड तुमच्या गालावर बसली न्हाई, दाजी."

परवाना आला त्याच आठवड्यात दौंडला गाडी बदलून मी मुंबईला गेलो. कोटात, म्हणजे फोर्टात, एका दुकानात विलायती माल पुन्हा यायला लागला होता. काचेच्या कपाटातून विक्रेत्याने रिव्हॉल्वर काढलं तेव्हा त्याला तेलाचा वास येत होता आणि त्यावर बोटाचा एक ठसासुद्धा नव्हता. सोबत जाड कागदावर छापलेलं इंग्रजी हमीपत्र. विक्रेत्याने मला त्याचा अर्थ सांगितला. बारा महिने कसलाही बिघाड झाला तर कंपनी फुकट दुरुस्त करून देईल. मात्र दुसऱ्या कोणाच्या हाताने ते उघडलं गेलं तर हमी रद्द.

"बिघडतं का?" मी विचारलं.

तो हसला. "अहो, रिव्हॉल्वर दाखवायचं असतं. चालवायची पाळी कोणावर येते?"

नगरजवळ भिंगारच्या पलीकडे एक सोडून दिलेली दगडाची खाण होती. तिथे दाजींना घेऊन मी ते पहिल्यांदा चालवलं. पहिला बार झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला चाप ओढला तर तो अर्ध्यावर येऊन थांबला. गोळ्यांचं चाक जागचं हलेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला, शिव्या दिल्या. दाजी दगडावर बसून बघत होते. थोड्या वेळाने चाक आपोआप सुटलं. पुन्हा काडतुसं भरली, पुन्हा दोन बार झाले, पुन्हा तिसऱ्याला तेच.

भिंगारच्या जुन्या बाजारात एक म्हातारे मिस्त्री होते. उभी हयात लष्कराच्या कारखान्यात बंदुका दुरुस्त करण्यात गेली होती. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी रिव्हॉल्वर उजेडाकडे धरलं, चाक दोनदा फिरवलं आणि उडालेल्या काडतुसांची बुडं अंगठ्याने चाचपली.

"बार झाला की काडतुसाचं बूड फुगतं, भाईसाब. मागं जागाच नाही ठेवली. गरम झालं की घासतं आणि अडतं. कानशीनं केसभर काढतो. बसा, चहा घ्या, तोवर होईल."

त्यांनी कानस उचललीसुद्धा. मी त्यांच्या हातातून रिव्हॉल्वर जवळजवळ हिसकावून घेतलं. "उघडायचं नाही. कंपनीची हमी आहे."

चाचांनी कानस खाली ठेवली. "कंपनीत पण कोणीतरी मिस्त्रीच असेल ना?"

"असेल. पण तो विलायतेत शिकलेला असेल," मी म्हणालो.

हे वाक्य मी एका सत्तरीच्या कारागिराला त्याच्याच दुकानात बसून ऐकवलं. ते रागावले नाहीत. रिव्हॉल्वर फडक्याने पुसून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "चहा तरी घ्यायचास."

मी पुन्हा मुंबई गाठली. तोच विक्रेता, पण आता काचेच्या कपाटामागून बाहेर आला नाही. बिघाडाचा अर्ज इंग्रजीत लिहून आणा म्हणाला. तो मी रस्त्यावरच्या अर्जनविसाकडून लिहून आणला. मग म्हणाला, काडतुसं कोणती वापरली? त्यांच्याच दुकानातली. मग म्हणाला, तेल कोणतं घातलं? घातलंच नव्हतं. "मग तेच कारण असेल," तो म्हणाला, आणि तरीही ठेवून घेतलं. पावती दिली. महिन्याभरात कळवू म्हणाला.

सात महिने लागले. मी पत्रं टाकायचो, त्यांची छापील उत्तरं यायची. आपला जिन्नस तपासणीसाठी पुढे पाठवला आहे. आपला जिन्नस तपासणीत आहे. कुठे पुढे, कोणाकडे, ते कधी कळलं नाही. मधल्या काळात घाटात आणखी दोन मोटारी लुटल्या गेल्या. आमची सुटली ती नशिबाने. मी घाट चढताना कमरेवरच्या रिकाम्या चामडी म्यानावर हात ठेवायचो, जणू आत काही आहे. ते दाजींना दिसायचं. ते मान दुसरीकडे वळवायचे.

शेवटी मुंबईला जाऊन मी ते घेऊन आलो. खोक्यात एक चिठ्ठी होती. तीवर तीनच शब्द होते: तपासले, दोष नाही.

आता जे सांगतो आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. परत आल्यावर मी एकटा खाणीत गेलो. परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळायची, हे खरं. पण पुढे जे केलं ते म्हणून नव्हे. मी दोन बार काढले, दोन्ही व्यवस्थित झाले. तिसरा मी काढलाच नाही. चाप बोटाखाली होता आणि मी तो ओढला नाही, कारण तो अडला तर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. पुन्हा मुंबई, पुन्हा अर्ज, पुन्हा सात महिने. त्यापेक्षा कंपनी म्हणते आहे ना दोष नाही, मग नाही. चाचांचं दुकान परतीच्या वाटेवरच होतं. मी सायकल न थांबवता पुढे गेलो. घरी दाजींनी विचारलं, "चालतंय का?" मी म्हणालो, "एकदम झकास."

दीड-दोन महिन्यांनी लुटारूंनी आम्हांला पुन्हा गाठलं. वळण तेच नव्हतं, त्याच्या जरा वर होतं. या वेळी सहा जण होते. आधीचेच होते की दुसरे, मला सांगता येणार नाही. तोंडं बांधलेली होती. उतारू रस्त्याच्या कडेला दाटीने उभे राहिले. दाजी तिकिटांची पिशवी गळ्यात घेऊन नेहमीसारखे पुढे झाले आणि बोलायला लागले. "पाव्हनं, बायामानसं हायती संगं..."

मी मोटारीतून उतरलो आणि हवेत बार काढला.

तो आवाज घाटात घुमला तेव्हा मला जे वाटलं ते मी नाकारत नाही. ते सहाही जण मागे सरले. एकाने कुऱ्हाड खाली टाकली. उतारूंपैकी कोणीतरी "शाब्बास!" म्हणालं. दुसरा बार मी त्यांच्या पायाजवळच्या धोंड्यावर काढला. ते आणखी मागे गेले. "बास आता, जाऊ दे त्यांना," दाजी म्हणाले. ते ऐकलं असतं तर ते निघून गेले असते. पण मी पुढे सरकलो. मला ते पळताना बघायचे होते.

तिसऱ्याला चाप अर्ध्यावर थांबला.

समोरच्याच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मी दोन्ही हातांनी चाप ओढतो आहे हे त्याने पाहिलं, आणि तो धावत आला. मी रिव्हॉल्वर त्याच्याकडे रोखूनच उभा होतो. पळायचंही सुचलं नाही. दाजी मध्ये आले. त्यांनी उजवा हात वर धरला, आणि कुऱ्हाड त्या हातावर पडली.

लुटारूंनी काही नेलं नाही. रक्त बघून ते डोंगरात पांगले. मी मोटार वळवून नगरला आणली. उतारू तसेच घाटात राहिले. उतारावर कोळशाच्या गॅसचीही गरज लागत नाही. इतक्या वेगाने ती मोटार मी त्याआधी कधी हाकली नव्हती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी चार दिवस प्रयत्न केला, पाचव्या दिवशी हात कोपराखाली काढून टाकला.

बहीण इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून असायची. तिने मला एकदाच विचारलं, "ते बिघडलेलं हुतं, तुला म्हाईत हुतं?"

"कंपनीने तपासून दिलं होतं," मी म्हणालो.

पोलिसांनी रिव्हॉल्वर ताब्यात घेतलं. त्यांच्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्या जमादाराने दोन ओळींचा अहवाल लिहिला. मागच्या बाजूला जागा कमी, तापल्यावर चाक अडते, मूळ बांधणीतला दोष. फौजदार तो कागद वाचून माझ्याकडे बघत राहिले. "आधी असं झालं होतं का?" त्यांनी विचारलं. मी खाणीतली पहिली हकिकत सांगितली. "मग घेऊन फिरत कशाला होतात?" माझ्या खिशात कंपनीची चिठ्ठी होती. ती मी त्यांना दाखवली नाही.

दोन-तीन महिन्यांनी पोलिसांनी रिव्हॉल्वर परत दिलं. ते, तो अहवाल आणि ती चिठ्ठी घेऊन मी मुंबईला गेलो. विक्रेत्याने आधी हमीपत्रावरची तारीख पाहिली. बारा महिने होऊन गेले होते. त्यांतले सात महिने ते तुमच्याच ताब्यात होतं, असं मी म्हणालो. तसा नियम नाही, तो म्हणाला. मग मी दाजींबद्दल सांगितलं. आवाज चढला असावा, कारण आतून मालक बाहेर आला, मला खुर्ची दिली, थंड सोडा मागवला. जमादाराचा अहवाल त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "जुनं आमच्याकडे जमा करा. आम्ही तुम्हांला नवं देतो. हमीचा प्रश्न नाही, आमच्या दुकानाचा रिवाज म्हणून."

"मला नवं नको. दोष होता एवढं लिहून द्या. माझ्या दाजींना दाखवायला."

"तसं लिहून देता येत नाही," तो हळूच म्हणाला. "नवं मात्र आत्ता देतो."

तासभर मी त्या खुर्चीत बसून होतो. आणि मग मी हो म्हणालो. रिकाम्या हाताने घरी जायची लाज वाटली, इतकंच.

घरी जाऊन खोकं उघडलं तेव्हा दाजी डाव्या हाताने भाकरी मोडायचा प्रयत्न करत होते. त्यांनी वाकून बघितलं. "चांगलं दिसतंय," ते म्हणाले. बहीण उठून आत गेली ती मी तिथून निघेपर्यंत बाहेर आली नाही.

जुन्या हत्याराचा नंबर परवान्यावरून खोडून नव्याचा चढवायला मला कचेरीत आठ फेऱ्या माराव्या लागल्या. नवं रिव्हॉल्वर मी कधी चालवलं नाही. पुढे वर्षभरात सरकारी मोटारी सुरू झाल्या, आमची मोटार भंगारात गेली आणि मी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागलो. तेव्हा मी ते रिव्हॉल्वर सरकारजमा करायला गेलो. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. "परत करण्याचं कारण लिहा."

"नको आहे, म्हणून."

"तसं चालत नाही. कारण लागतं."

मी टाक उचलून नुसती तारीख लिहिली. मागे रांग होती. शेवटी कारकुनानेच सांगितलं, ते मी लिहिलं: गरज उरली नाही. त्याच आठवड्यात करंजीच्या घाटात एक बैलगाडी लुटली गेली होती.