चटकेमास्तरांचं बोट

चटकेमास्तर आणि त्यांचे साडू यांचं जमत नसे, असं म्हणणं म्हणजे निखाऱ्याला कोमट म्हणण्यासारखं. बावीस वर्षं दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते. सुरुवात कशावरून झाली ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. पण भांडायला कारण लागतं ते नवख्याला. मुरलेल्याला समोरच्याचं तोंड पुरतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे ते तोंड टाळायची सोय नव्हती. आणि हे कमी होतं म्हणून की काय, दोघांना छंदही एकच जडला होता: रिमोटवर पळणाऱ्या विजेच्या ट्रकांचा.

हे ट्रक म्हणजे पोरांची खेळणी, असं मास्तरांसमोर कोणी म्हणू नये. हातभर लांबी, चार गलेलठ्ठ चाकं, पोटात बॅटरी आणि मुठीत मावेल एवढी मोटर. मातीच्या ट्रॅकवर सुटली की गाडी दिसत नाही, नुसती धूळ दिसते. या मोटरीचा वैरी एकच, उष्णता. मोटरीच्या दांड्यावरचं दातेरी चाक, त्याला पिनियन म्हणतात, ते दोन दात मोठं लावलं की गाडी जोरात पळते आणि मोटरही तेवढीच तापते. ओल्या गवतात घातली की तापते, दाते एकमेकांत फार घट्ट बसवले की तापते. हद्दीबाहेर तापली की तारांवरचं वार्निश करपतं, आतल्या चुंबकाचा जीव जातो आणि कधी कधी प्रकरण बॅटरीपर्यंत पोचतं. तीन वर्षांपूर्वी तशी एक गाडी पेटली, तिच्याबरोबर कडेचं वाळकं गवत पेटलं, आणि बंद गोदामामागची ती ट्रॅकची जागा ज्याची होती तो माणूस पहार घेऊन धावत आला. तेव्हापासून या गाड्यावाल्यांच्या क्लबात नियम झाला. अंतिम फेरीआधी प्रत्येकानं गाडी पाच मिनिटं पळवायची, थेट तपासणीच्या टेबलावर आणायची, वरचं कव्हर काढायचं, आणि मास्तरांनी मोटरीवर बोट ठेवून मोठ्यानं मोजायचं.

दहापर्यंत बोट टिकलं तर गाडी चालली. पाच-सहाला उचलावं लागलं तर लहान पिनियन लावून पुन्हा या. तीनाच्या आत उचललं तर बाद. टेबलावरच्या कागदावर मास्तरांनी आकडा लिहिला की विषय संपला, त्यावर दाद नाही, फिर्याद नाही.

मास्तर काही शाळामास्तर नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी पंपांच्या कारखान्यात मोटरींना तारा गुंडाळल्या होत्या. तिथं चालत्या मोटरीवर बोट ठेवून ती किती दिवस जगेल ते सांगायचे, म्हणून हे नाव. मग कारखान्याला कुलूप लागलं. घरी आल्यावर ते ‘नुसते बसून असतात’ या खात्यात जमा झाले. आठवड्यातले सहा दिवस त्यांना कोणी काही विचारत नसे. भाजी कुठली आणायची तेसुद्धा बायको चिठ्ठीवर लिहून देई. सातव्या दिवशी सकाळी मात्र ते त्या टेबलामागच्या खुर्चीत बसत, आणि दुकानदार, ड्रायव्हर, दातांचे डॉक्टर, सगळे त्यांच्या तर्जनीकडे श्वास रोखून बघत. ती खुर्ची गेली तर आपलं काय उरतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. काहीच उरत नव्हतं.

साडूंचा डोळा त्याच खुर्चीवर होता. दोन वर्षांपूर्वी ते पिस्तुलासारखं एक यंत्र घेऊन आले. नेम धरायचा, चाप ओढायचा, मागच्या काचेवर तापमान दिसतं. ‘‘आता बोटं भाजून घ्यायची गरज नाही हो, साडूभाऊ,’’ ते सगळ्यांदेखत म्हणाले. ‘‘जमाना बदलला.’’

मास्तरांनी शांतपणे एक नुकतीच पळवलेली गाडी पुढे ओढली. ‘‘बघा की.’’ यंत्रानं एक्केचाळीस अंश दाखवले. ‘‘वा, थंडगार!’’ मास्तर म्हणाले. ‘‘मग ठेवा बोट.’’ साडूंनी मोठ्या ऐटीत बोट ठेवलं आणि दुसऱ्याच क्षणाला तिथल्या तिथे नाचले. लोक हसून हसून लोळले. चकचकीत धातूवर ते यंत्र फसतं. मोटरीवर काळ्या मार्करचा एक ठिपका काढून त्यावर नेम धरला तर बरोबर आकडा येतो. मास्तरांना हे माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. सांगतील कशाला? त्या दिवशी घरी जाताना त्यांना रस्तासुद्धा सुंदर वाटला होता, आणि हे मी त्यांचं कौतुक म्हणून सांगत नाही.

साडू ते विसरले नाहीत. असला माणूस छत्री विसरेल, पैशाचं पाकीट विसरेल, अपमान कसा विसरेल?

आणि नेमकं मास्तरांचं बोटच त्यांना दगा देऊ लागलं. जन्मभराच्या चटक्यांनी असेल, रक्तातल्या साखरेनं असेल, गेल्या वर्षापासून बोटांच्या टोकांना काही लागेनासं झालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या मास्तरांनी मन मानेल तशा घेतल्या. एक दिवस त्यांनी उकळत्या चहाच्या पातेल्यावरचं झाकण उघड्या हातानं उचललं आणि तसंच धरून ‘साखर कुठेय?’ म्हणून विचारत उभे राहिले. बायकोनं ते हिसकावून घेतलं.

‘‘हाताला काही लागतं की नाही तुमच्या?’’

‘‘तुझ्यासारखे नाजूक नाहीत माझे हात,’’ ते खेकसले. ‘‘आणि हे बहिणीला सांगत बसू नकोस फोनवर.’’

खुर्ची मात्र सुटली नाही. कारण मास्तर ढोंगी असतील, अडाणी नव्हते. कोणाच्या गाडीला किती दातांचं पिनियन आहे ते त्यांना पाठ होतं. गाडी ट्रॅकवर असताना शेवटच्या दोन चकरांत मोटरीचा आवाज कसा बसतो ते ते ऐकत. गाडी टेबलावर आली की वाकून करपल्या वार्निशचा वास घेत. मनात आकडा ठरला की मग बोट ठेवायचं, त्या आकड्यापर्यंत मोजायचं आणि ‘‘स्स!’’ करून झटक्यात उचलायचं. अकरा महिने हे नाटक चाललं आणि अकरा महिन्यांत एकही आकडा चुकला नाही. ‘बोट गेलं, पण नाक-कान शाबूत आहेत’ असं त्यांनी सरळ सांगितलं असतं, तर लोकांनी कदाचित ऐकलंही असतं. पण तसं सांगायला जी छाती लागते ती मास्तरांकडे फक्त दुसऱ्यांवर ओरडताना असे.

वार्षिक शर्यतीच्या दिवशी दुपारी साडू ट्रॅकवर उतरले ते तेवीस दातांचं पिनियन लावून. एरवी त्यांचं एकवीसचं. आणि हे ते दोनदा मोठ्यानं बोलले, म्हणजे मास्तरांच्या कानावर जाईल अशा आवाजात. गाडी पाच मिनिटं बेभान पळवली, दोनदा कडेच्या ओल्या गवतात घातली. शेवटी मोटरीचा आवाज घोगरा झाला. ‘मेला!’ मास्तर मनात म्हणाले. त्यांना गुदगुल्या होत होत्या. अंतिम फेरीतून साडू बाद, तेही आपल्या हातानं! असा दिवस देव रोज देत नाही.

साडू गाडी उचलून आपल्या मोठ्या पेटीशी गेले, वाकले, कव्हराच्या पिना काढत थोडा वेळ खुटखुट करत राहिले, आणि गाडी घेऊन टेबलाशी आले. पेटीही ओढत आणली आणि टेबलाखाली सरकवली. त्यांच्यामागे मेहुणी उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, तर ती आपल्या चपलांकडे बघू लागली. मास्तरांना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण समोर साडूंची मान आयती सापडलेली असताना शंका घ्यायला वेळ कोणाला?

मोटर धुळीनं माखलेली होती. मास्तर वाकले. करपल्याचा वास भपकन नाकात शिरला. गर्दी जवळ सरकली. मास्तरांनी तर्जनी उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि मोटरीवर टेकवली.

‘‘एक. दोन. ती... स्स! आई गं!’’ बोट झटकत, त्यावर फुंकर घालत ते म्हणाले, ‘‘तीनसुद्धा पुरे झाले नाहीत. बाद.’’

‘‘नक्की?’’ साडूंनी विचारलं.

‘‘शंका असेल तर माझं बोट बघा.’’

‘‘छे छे, तुमच्या बोटावर शंका? लिहा कागदावर.’’

मास्तरांनी लिहिलं. तीनाच्या आत, बाद, खाली सही. सहीखाली एक जोरकस रेघही ओढली.

साडूंनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग ते खाली वाकले आणि त्यांनी आपला गाल त्या मोटरीवर टेकवला. उशीवर डोकं ठेवावं तसा. डोळे मिटून ते मोजू लागले. ‘‘एक... दोन... तीन...’’ बारापर्यंत गेले तेव्हा मागून कोणीतरी फिसकन हसलं. वीसला ते उठले. गालावर धुळीचा गोल उमटला होता, बाकी काही नाही.

‘‘ही मोटर आज चालूच केलेली नाही,’’ साडू म्हणाले. ‘‘पळाली ती दुसरी गाडी. अशाच कव्हराची.’’ त्यांनी पायानं टेबलाखालची पेटी बाहेर ढकलली आणि अर्धवट लावलेलं झाकण पूर्ण उघडलं. आत ती गाडी होती, तापलेली, करपल्याचा वास सोडत. ‘‘लावा हो, सगळ्यांनी टेबलावरच्या मोटरीला हात लावा. घाबरू नका. साडूभाऊंना तेवढा चटका बसतो.’’

लोकांनी खरंच हात लावले. एकामागून एक. दुकानदारानं लावला, दातांच्या डॉक्टरांनी लावला, आणि लावून झाल्यावर कोणी मास्तरांकडे बघेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, चारचौघांत, सही करून.

‘‘नियम काय आहे?’’ ते ओरडले. ‘‘पळवलेली गाडीच टेबलावर आणायची! तुम्ही लबाडी केलीत!’’

‘‘केली,’’ साडू म्हणाले. ‘‘मग?’’

‘‘बाद म्हणजे बाद. लिहिलंय ते शेवटचं.’’

‘‘मान्य. मी बाद.’’ साडूंनी एक घडीची खुर्ची उलगडली आणि ते टेबलासमोर ऐसपैस बसले. ‘‘आता बाकीच्यांच्या तपासा. मी बघतो. आज काय, मोकळाच आहे.’’

मास्तरांना त्या क्षणी कोणाकोणाचा राग आला! साडूंचा आला, मेहुणीचा आला. घरी बसलेल्या बायकोचा सगळ्यांत जास्त आला. ती झाकणाची गोष्ट बहिणीच्या घरी तिच्याशिवाय कोण पोचवणार होतं? स्वतःच्या बोटाचा तर इतका आला की ते कापून फेकावंसं वाटलं. उठून जावं, असंही एकदा वाटलं. पण उठलं की खुर्ची रिकामी होते, आणि समोरचा माणूस तेवढ्यासाठीच बसला होता. मास्तर हलले नाहीत. ‘‘पुढची गाडी,’’ ते म्हणाले. कोणी पुढे आलं नाही. ‘‘पुढची गाडी! बहिरे झालात का सगळे?’’

शेवटी नर्सबाई आल्या. सरकारी इस्पितळात साखरेमुळे होणाऱ्या पायाच्या जखमांच्या वॉर्डात त्या काम करत, आणि क्लबात गाडी सर्वांत नेटकी त्या चालवत. त्यांची पाच मिनिटं नुकतीच संपली होती. त्यांनी गाडी टेबलावर ठेवली, कव्हर काढलं. मास्तर सवयीनं वाकले. वास येत होता. पण तो या गाडीचा की साडूंच्या उघड्या पेटीतला, ते समजेना. गाडी पळत असताना आवाज ऐकायचा, तर तेव्हा ते ओरडत होते. नर्सबाईंच्या गाडीला पिनियन कितीचं? एकोणीसचं. की मागच्या महिन्यात बदललं? पाठ असलेलं सगळं डोक्यातून पुसून गेलं होतं. आकडा ठरत नव्हता.

साडू खुर्चीत पुढे झुकले. ‘‘हं, मोजा.’’

मास्तरांनी बोट उचललं. कुठलातरी आकडा म्हणायचा, बस. सहा म्हणावं. सहावर कोणी भांडत नाही. ते बोट मोटरीपासून वितीवर आलं तेव्हा नर्सबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

‘‘नको काका. ही खरंच तापलीय.’’

‘‘हात सोडा,’’ मास्तर दातओठ खात म्हणाले. ‘‘तपासणं माझं काम आहे.’’

‘‘भाजेल, आणि तुम्हाला कळायचं नाही.’’

त्या हळूच बोलल्या होत्या, पण सगळे इतके गप्प होते की ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मास्तरांनी हात ओढून घ्यायला पाहिलं. नर्सबाईंनी सोडला नाही. इस्पितळात हट्टी रोग्याचा धरतात तसा घट्ट धरून त्यांनी तो उजेडात उलटा केला आणि तर्जनीचं टोक निरखून पाहिलं. तिथे नखाएवढा एक फोड होता. फुटून, चिघळून, कडेनं काळपट झालेला.

‘‘हे कधी झालं, काका?’’

मास्तरांनी बोटाकडे पाहिलं. मग साडूंकडे पाहिलं, जणू ते सांगतील. साडूही ते बोटच बघत होते, आणि आता ते हसत नव्हते.

‘‘माहीत नाही,’’ मास्तर म्हणाले.