सासऱ्यांची टकटक

माझ्या सासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नाही, आणि त्यांचा सगळा संशय भिंतींवर होता. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावरही ते जिथे जातील तिथे चप्पल काढण्याआधी बोटाच्या पेरांनी भिंत वाजवत, कान लावत आणि निकाल देत. लेकीसाठी स्थळ बघायला आमच्या घरी आले, तेव्हा चहाआधी त्यांनी बैठकीची भिंत वाजवली. "पोरगा पेपरात हाय, चालंल," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "पण तुमच्या गवंड्यानं वाळूच लई घातलीया." लग्न झालं. वडिलांनी मात्र त्या भिंतीला पुन्हा कधी पाठ टेकली नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शाहूवाडीकडच्या एका गावात शाळेच्या नव्या इमारतीतल्या एका वर्गाचा स्लॅब कोसळला. रविवार होता म्हणून पोरं वाचली. ठेकेदार आमदारांचा मेहुणा. ओरड वाढली, तसा आमदारांना चौकशीसाठी असा माणूस हवा झाला, ज्याच्या नावावर कुणी बोट ठेवणार नाही. ते स्वतः सासऱ्यांच्या दारात आले. "करतो की," सासरे म्हणाले, "पण माझा अहवाल येईस्तोवर उरलेल्या वर्गांत पोरं बसवायची न्हाईत." आमदारांनी मान डोलावली. आमच्याकडे कामाआधी सत्कार होतो. तो ठेवला गेला त्याच मेहुण्यानं बांधलेल्या सभागृहात. सासऱ्यांना फेटा बांधून झाला. आमदार 'निःस्पृह', 'ऋषितुल्य' असं बोलत असताना ते उठले, व्यासपीठामागच्या खांबाकडे गेले आणि टकटक केली. "सायेब, खाली उतरा. ह्यो बी तसलाच हाय!" सभागृह रिकामं झालं. दारातून सर्वांत आधी ठेकेदार बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी आमदारांनी सासऱ्यांची प्रकृती बिघडल्याचं जाहीर केलं आणि चौकशी एका निवृत्त प्राचार्यांकडे सोपवली. त्यांनी दोष पावसाला दिला. वर्ग पुन्हा भरले. मी लिहिलेली बातमी आतल्या पानावर गेली. सासऱ्यांचा फेट्यातला फोटो मात्र पहिल्या पानावर छापून आला होता. पोरांच्या डोक्यावरचं छत कुणीच तपासलं नाही.

ठणठणीत सासरे एस.टी.नं त्या शाळेपर्यंत जात राहिले. आत घेत नसत, म्हणून कुंपणाबाहेरून ओरडत, "बसायच्या आदी वाजवा रं! बद्द आवाज आला की भाईर पळा!" गाव त्यांना येडा म्हातारा म्हणायचं.

ते गेल्यावर काही वर्षांनी एका बातमीसाठी मी तिथे गेलो. इमारत तीच, भेगांवर नवा रंग. पोरं वर्गात शिरताना एकेक जण दाराजवळची भिंत वाजवत होता. का, विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "पयल्यापास्नं तसंच करत्यात की." मीही वाजवली. आवाज आला, पण तो ओळखायला सासऱ्यांचाच कान हवा होता.