अक्कानं तार वाचली

रत्नाबाई म्हणजे आमची थोरली जाऊ. आम्ही तिला अक्का म्हणायचो. शाहूपुरीत सासऱ्यांची गुळाची पेढी आणि घरात आम्ही तिघी जावा. मी मधली, आणि मधलीला कोण विचारतंय, म्हणून माझं सोडा. पण अक्काला विचारल्याबिगर घरात पान हलत न्हवतं. दुखणं असू दे, सोयरीक असू दे, मामंजींची सोप्यातनं एकच हाक, "रत्ना!"

त्रेपन्न साली धाकटी जाऊ आली, बेळगावची चंदना. मॅट्रिक झालेली! पहिल्याच आठवड्यात मामंजींच्या औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी तिनं घडाघडा वाचलं. "हे जेवल्यावर घ्यायचं, मामंजी. तुम्ही उपाशीपोटी घेताय की!"

झालं! दुसऱ्या दिवसापासनं सोप्यातनं हाक यायला लागली, "चंदना!" रेल्वेची पावती आली, चंदना. विम्याचा कागद आला, चंदना. पुढं पुढं सोयरिकीचंबी तिलाच विचारायला लागले. आता सोयरिकीत कसलं आलंय इंग्रजी?

अक्काच्या अंगाचा तिळपापड. हाकेसरशी उठायची आणि दुसरीचं नाव ऐकून परत खाली बसायची. मला बरंच वाटायचं. इतकी वर्षं हिलाच हाका यायच्या, तवा माझ्या पोटात दुखलं नसंल व्हय?

"काय एवढं हाय त्यात?" एक दिवस भाकरी थापता थापता अक्का म्हणाली. "सव्वीसच अक्षरं हाइत म्हणं. आपल्यापरास निम्मी."

"मग चंदनाकडनं शिका की."

"तिच्याकडनं? मरंन, पण तिच्याम्होरं पाटी धरणार न्हाय!"

आम्हा जैनांची जेवणं दिवस मावळायच्या आत. त्यानंतर "देवळात जाऊन येते" म्हणून अक्का निघायची, ती थेट समोरच्या लीलाबाई मास्तरणीकडं. पदराखाली फी म्हणून तुपाची वाटी. सकाळी काटवटीत पीठ पसरून त्यात बोटानं अक्षर काढायची, आणि चंदनाची चाहूल लागली की वर पाणी ओतून मळायला घ्यायची. पावसाळा सरेस्तोवर इंग्रजीची सगळी मोठी अक्षरं तिला आली. लीलाबाई म्हणायची, आता शब्द शिकू या. अक्काला ते पटंना. आपल्यात अक्षरं आली की वाचायला आलंच की! मग आणि शब्द कशाला शिकायचे?

दिवाळीनंतर एका दुपारी तार आली. मामंजींनी हाक मारली, "चंदना!" ती परसात धुणं वाळत घालत हुती. तिच्याआधी अक्का सोप्यात हजर.

"आणा हिकडं. मी वाचते."

मामंजी बघतच राहिले. अक्कानं तार हातात घेतली, पदर खोचला आणि चंदना दारात आलेली बघून खणखणीत आवाजात सुरू केलं. "एफ. ए. टी. एच. ई. आर." जरा थांबली, चंदनाकडं बघितलं, परत सुरू. "ई. एक्स. पी. आय. आर. ई. डी."

"आं! रत्ना, कधी शिकलीस ग?" मामंजी कौतुकानं म्हणाले. अक्काचं तोंड असं फुललं म्हणून सांगू! जळून गेले मी.

चंदना चौकट धरून मटकन खाली बसली.

"माझे अप्पा गेले," म्हणाली.

मामंजींनी तार अक्काच्या हातातनं काढून चंदनाकडं दिली. पुढं बरंच लिवलेलं हुतं. चंदनानं कागद डोळ्यांपुढं धरला, डोळं पुसलं, परत धरला.

"मला दिसंना. अक्का, तुम्हीच वाचा. एकेक अक्षर सांगा."

सगळं घर अक्काकडं बघत हुतं. अक्का तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"सी," अक्का म्हणाली. "ओ. एम..." पुढली अक्षरं ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली.

"मोठ्यानं वाचा की, अक्का," चंदना म्हणाली. "मघाशी वाचलं तसं."